देवघरातून येणारा मरळीचा वास

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. भूत असतं तर धूप दाखवून, लिंबू उतरवून घालवता तरी आलं असतं. आमच्या घरात जे यायचं ते धूप दाखवल्यावर जास्तच खमंग लागायचं...

गाव भीमेकाठचं, शिरूर तालुक्यातलं, मांडवगण फराट्याहून फार लांब नाही. नाव लिहीत नाही, कारण आमचे तेव्हाचे सरपंच हल्ली दिवसभर नेटवर असतात. साल दोन हजारच्या आसपासचं. मी पुण्याच्या एका संस्थेत फील्ड को-ऑर्डिनेटर होतो. म्हणजे पुण्याहून साहेब आले की सतरंजी टाकणे, चहा सांगणे आणि लोक गोळा करणे. संस्थेच्या प्रकल्पाचं नाव होतं 'पर्यावरणपूरक आदर्श आदिवासी वस्ती'.

आमच्याकडचे आदिवासी म्हणजे नदीकाठच्या भिल्लांची चार-पाच घरं. उसाच्या पाचटाच्या खोपी, बाहेर वाळत घातलेली जाळी, आणि पोट भरायचं ते मासे धरून. प्रकल्पात लिहिलं होतं की या खोपींमुळे नदी खराब होते आणि त्यांच्या चुलींमुळे हवा. आता अख्ख्या पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून आमच्या भीमेत येतं. उन्हाळ्यात पाण्यावर फेस असतो, जलपर्णी तर इतकी की कुत्रं चालत पलीकडे जाईल. पण प्रदूषण करत होती ती त्या भिल्लांतल्या दगडूमामांची खोप! मला तेव्हा हे पटलंही होतं, कारण ते सगळं इंग्रजीत लिहिलेलं होतं.

तर नदीपासून कोसभर लांब, माळावर, सिमेंटची घरं झाली. सोलरचा दिवा आला. घरोघर निर्धूर चूल बसली. चुली बांधल्या आमच्या गावच्या रज्जाकचाचांनी – चाचांसारखा गवंडी पंचक्रोशीत नाही. साहेबांनी पांढरा रुमाल चुलीवर धरून बघितला, रुमाल पांढराच राहिला. फोटो निघाले. दगडूमामाही खूश होते, कारण दर पुराला त्यांची खोप वाहून जायची. फक्त जाताना मला हळूच म्हणाले, "भाऊ, घर झ्याक हाय. पर नदी कवा आणताय वर?"

आम्ही सगळे हसलो.

त्याच संध्याकाळी आमच्या घरात भाजलेल्या माशाचा वास आला.

आमचं घर माळकरी. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा दबकत यायचा. आणि वास यायचा तो थेट देवघरातून. आईने आधी देवाकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे. सुनंदाचं माहेर खुटबावचं, मासे-मटण सगळं खाणारं. लग्न झाल्यापासून बिचारीने सगळं सोडलं होतं. पण संशय म्हटल्यावर तो सुनेवरच.

"मी काय देवामागं भट्टी लावलीय का, आत्या?" ती म्हणाली. म्हणाली खरी, पण तेवढ्यात तिने एक असा लांब श्वास घेतला की माझी खात्री पटली, हिला वास आवडलाय.

मग रोज दिवे लागायच्या वेळी तेच. मी मेलेला उंदीर शोधला, मोरी धुतली, फिनेल ओतलं. उदबत्ती लावली तर मासा मसालेदार झाला. आईने देव उचलून पडवीत मांडले. दुसऱ्या दिवशी वास पडवीत! मग देव परत देवघरात.

शेवटी रज्जाकचाचांना बोलावलं. म्हटलं, भिंतीत कुठे पोकळी आहे का बघा. चाचांनी भिंत ठोकली, कान लावला, मग देवासमोर अदबीने उभे राहून डोळे मिटले.

"मरळ हाय," ते म्हणाले. "हळद-मीठ लावून निखाऱ्यावर भाजलीया. मिरची वाईच जास्त पडलीय."

"चाचा, भिंतीचं बोला."

"भिंत ठणठणीत हाय. मिरचीचंच सांगतोय."

माझं डोकं फिरलं. मासे भाजणारी घरं गावात भिल्लांची तेवढीच. म्हटलं, मामा चुलीत काहीतरी गडबड करतायत आणि तिच्या धुराच्या नळीतून वास पसरतोय. कोसभर लांब, तेही वाऱ्याच्या उलट्या दिशेने कसा पसरेल, हे रागाच्या भरात सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लुना काढली आणि माळावर गेलो.

दगडूमामा दारात बसून जाळं विणत होते. आत त्यांची बायको, ठकूमावशी, भाकरी थापत होती. चूल पेटलेली, धूर खरंच नाही. मी सरळ विचारलं, "मावशी, रोज मासे भाजता का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कुठला मासा, भाऊ? इथं आल्यापासनं खवला दिसला न्हाई."

मग मामांनी सांगितलं. जाळं संध्याकाळी टाकायचं आणि पहाटे काढायचं, म्हणजे रात्री काठावर माणूस झोपायला पाहिजे. नाहीतर मासे तर जातातच, जाळंही जातं. माळावरून राखण कशी करणार? दोन जाळी गेल्यावर त्यांनी टाकणंच सोडलं होतं. आता ते उसाच्या खुरपणीला जात होते. त्यात पुण्याचे मोठे साहेब येऊन प्रकल्प पुरा झाला म्हणाले की नदीकाठच्या मोकळ्या जागेला तारेचं कुंपण पडून बाग होणार होती. म्हणजे परतीची वाट कायमची बंद.

"मग पोरं जेवतात कशाशी?"

"चटणीसंगं." मावशी भाकरी उलटत म्हणाली. "पर नुसती चटणी गिळत न्हाईत वो. मग मी रोज सांगते, आज चिलापीचा रस्सा केलाय, आज वांब तळलीय. त्येवढ्या नावावर खात्यात. काल मरळ सांगितली तर ह्यो थोरला म्हन्तो कसा, आये, मरळीत मिरची लई झालीया."

पोरं खुदखुदली. मला मात्र देवासमोर डोळे मिटून उभे असलेले चाचा आठवले. मी लुना घराकडे वळवली.

घरी येऊन सगळं सांगितलं. सुनंदा रडली. आईने दुसऱ्या दिवसापासून वासाला नाक मुरडणं बंद केलं. उलट दिवा लावून झाला की सुनंदालाच विचारायची, "आज काय केलंय गं ठकूनं?" सुनंदा हुंगून सांगायची, "रस्सा हाय, आत्या. चिलापीचा."

"बरं," आई म्हणायची. "रस्सा भाकरीला पुरतो तरी."

थोड्याच दिवसांत पुण्याचे मोठे साहेब पाहणीला आले. त्यांनी मान डोलावली की बागेचं काम सुरू. वस्ती बघून झाली, फोटो झाले, आणि दिवे लागायच्या वेळी ते आमच्याकडे चहाला टेकले. वास आलाच.

"वा!" साहेब खुलले. "सुरमई का?"

"भीमेत सुरमई कुठली, साहेब," मी म्हणालो.

आईने पदर सावरला आणि देवघरापुढे उभी राहिली. माझी नोकरी आता जाते हे मला दिसत होतं.

"सायेब, ह्यो वास तुमी बांधलेल्या चुलीचा हाय. तितल्या पोरांच्या ताटात मासा न्हाई, आन् माज्या देवापुढं रोज येतोय. मी माळकरीण हाय. दुसऱ्याच्या लेकरांचा घास मी किती दिस सांभाळू? त्यास्नी नदीवर जाऊ द्या."

साहेब इंजिनियर. त्यांनी आधी देवघराच्या मागे नळी शोधली. मग देवापुढे वाकून पुन्हा हुंगून बघितलं. चहा निवून गेला. मी धीर करून म्हणालो की पुराच्या दिवसांत लोक माळावर राहतील, एरवी काठावर, फक्त ती जागा मोकळी ठेवायला सांगा.

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे हंगामी निवासाचं मॉडेल!" पुढे म्हणे त्यांनी त्यावर दिल्लीत भाषणही दिलं. माझं आणि आईचं नाव अर्थातच नव्हतं. पण कुंपण पडलं नाही, आणि पाऊसकाळ सरल्यावर खोपी पुन्हा काठावर उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी आईने दिवा लावला आणि थांबली. वास नाही. सुनंदाने देवघरात, पडवीत, मोरीतसुद्धा हुंगून बघितलं. काही नाही. आई जेवायलाच बसेना.

"संज्या, उपाशी तर न्हाईत ना रं? बघून ये जा."

मी नदीवर गेलो. खोपीत धूर कोंडलेला, सगळे खोकतायत, आणि मधोमध निखाऱ्यावर खरीखुरी मरळ. धाकट्याचं तोंड काट्यात गुंतलेलं, बोलायला कुणाला सवड नव्हती. मामांनी हातानेच बस म्हणून खुणावलं.

परत आलो तर आई दारातच उभी होती.

"जेवली का?"

"जेवतायत."

मग तिने ताट वाढून घेतलं.

वास परत कधी आला नाही. कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं, ते म्हणाले मनाचे खेळ. पण मन आमचं, आणि मिरची जास्त पडलेली चाचांना कशी कळली? मला आजही सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर लिहा. आई मात्र अजून दिवा लावला की घटकाभर थांबते, काही येत नाही ना याची खात्री करते, आणि मगच जेवायला बसते.