सुनंदाबाईंच्या मुली

हे मी घरातसुद्धा कधी बोललेलो नाही. बायकोला अजून वाटतं, शोकेसमधली ती ढाल माझ्या मेहनतीची आहे.

मी बारामतीतल्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक. आमचा मुलींचा बास्केटबॉल संघ दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरून यायचा — मी शिकवलेला संघ. मग एका जूनमध्ये मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत गेलो. तिथं खेळाच्या शिक्षिका सुनंदाबाई मुरमाच्या मैदानावर मुलींना बास्केटबॉलसाठी घडवत होत्या. त्यांच्या बारावी झालेल्या पाच मुली मी फी माफ करून, होस्टेल देऊन आणल्या. खेळाडू आणण्यात गैर काय? सगळेच आणतात.

त्याच वर्षी आम्ही विद्यापीठाची स्पर्धा जिंकलो. आणि मी काय केलं? खरं सांगू — टाइमआउटला पाण्याच्या बाटल्या दिल्या. डावपेच मुलीच आपसात ठरवत. मी मान हलवायचो.

सत्काराला माइक हातात आला आणि मी म्हणालो, "या आल्या तेव्हा यांना चेंडूसुद्धा धरता येत नव्हता."

कोण बोललं हे? आवाज तर माझाच होता. तिसऱ्या रांगेत सुनंदाबाई होत्या — मुलींनी बोलावलेल्या. पाचही जणींनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. बाई टाळ्या वाजवत होत्या.

पेपरात माझं वाक्य जसंच्या तसं आलं. महिन्याभरानं कप्तान रेश्मा माझ्याकडं आली.

"सर, शाळेत आमच्या बाईंचं खेळ शिकवणं बंद केलंय. संस्थावाले म्हणत्यात, पोरींना चेंडू धरता येत न्हवता, मग तुमी इतकी वर्षं काय शिकवलं? तुमी फक्त एक पत्र द्या. खरं काय हाय ते लिवा."

एका वाक्यानं — एवढं? "देतो," म्हणालो. लिहिलंही. पण सही केली असती, तर प्राचार्यांनी विचारलं नसतं का, मग तुम्ही काय शिकवता? पत्र फाडलं. रेश्मानं आणखी दोनदा विचारलं. मग विचारायची थांबली.

त्या शाळेतून पुन्हा एकही खेळाडू आली नाही.

गेल्या वर्षी त्या रस्त्यानं जाताना शाळेपाशी थांबलो. मैदानावर स्कूलबस उभ्या होत्या. बाई व्हरांड्यात होत्या. त्यांनी मला ओळखलं, हसून हात केला.

मी काच वर केली आणि गाडी वळवली.