मंगीचा कमी पडलेला अर्धा इंच

माणूस सकाळी असतो त्यापेक्षा संध्याकाळी थोडा बुटका होतो, हे मी आमच्या गावाला सप्रमाण पटवून दिलं आणि पुढचे आठ दिवस गावानं मला दुसरं काही करू दिलं नाही.

मी बी.एस्सी. आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सांगलीला खोली घेऊन, स्टोव्हवर पिठलं रटरटवून शिकलो. आईनं माझं सर्टिफिकेट देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. (कुंकवाचा डाग अजून आहे. तो नेमका 'द्वितीय श्रेणी' या शब्दांवर पडलाय, म्हणून मी पुसत नाही.)

तर बहात्तरचा दुष्काळ सरून घरात दोन पिकं आली होती, तेव्हाची ही गोष्ट. थोरला भाऊ फौजेत. त्याची पोरगी मंगल, म्हणजे मंगी, वय वर्षे आठ. आदल्या साली वहिनीनं तिला औंधला यमाईदेवीच्या जत्रेला नेलं होतं. तिथं मोठा आकाशपाळणा आला होता. पाळण्याच्या दारात एक खांब, खांबावर तांबड्या रंगाची रेघ. पोर रेघेला टेकलं तर आत, नाहीतर बाहेर. मंगी चार बोटं कमी भरली. घरी येईपर्यंत रडली.

रडण्याला कारण होतं. शाळेत तिनं छातीठोक सांगितलं होतं, की पाळणा वर गेला की तिथनं आपलं घर दिसतं. तिची मैत्रीण शकीला, बागवानांची, म्हणाली होती, "खोटं! दीड कोसावरचं घर कुटं दिसतंय व्हय?" तेव्हापासून मंगीला दुसरा विषय नव्हता. जेवताना, झोपताना, गोठ्यात, एकच प्रश्न.

"काका, वरनं आपलं घर दिसंल का?"

मी कागद-पेन्सिल घेतली, पाळण्याची उंची धरली, टेकडी वजा केली, आकृती काढली आणि म्हणालो, "दिसायला पाहिजे."

"पायजे म्हंजी? दिसंल का न्हाई?"

"शास्त्राप्रमाणे दिसेल."

"शास्त्राला ऱ्हाऊ द्या. मला दिसंल का?"

आता प्रश्न शास्त्राच्या अब्रूचा झाला! यंदा पोरीला वर पाठवायचंच, असं मी ठरवलं. जत्रेच्या आठ दिवस आधी सायकलवरून औंधला गेलो. पाळण्याचं सामान नुकतंच उतरलं होतं. खांब उभा होता, पाटी जमिनीवर टेकवून ठेवलेली. मी ती नीट वाचली: 'उंची चार फूट. रेघेखालील मुलांना पाळण्यात प्रवेश नाही.' खिशातून टेप काढून रेघ मोजली. बरोबर चार फूट. तिथं एक माणूस दोर गुंडाळत बसला होता. त्याला काही विचारावं असं मला वाटलं नाही. शिकलेला माणूस विचारत नाही, वाचतो.

घरी येऊन मंगीला भिंतीला उभी केली. संध्याकाळी भरली एक इंच कमी. सकाळी पुन्हा मोजली, तर अर्धाच इंच कमी! मी मागं सरून बघतच राहिलो. पोरगी एका रात्रीत वाढली कशी? मग आठवलं. पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. दिवसभर उभं राहून त्या दबतात, रात्री आडवं झालं की फुगतात. पुस्तकात वाचलेलं आमच्या पडवीत खरं झालं होतं!

मी हे मोठ्यानं सांगितलं तेव्हा बाजेवर तात्या बसले होते. तात्या म्हणजे माझे चुलते, पलटणीतून हवालदार होऊन आलेले. ते खो खो हसले.

"लेका, ह्ये शिकायला तू सांगलीला गेलावतास? आमाला भरतीच्या टायमाला ठावं व्हतं की!"

"म्हणजे?"

"म्हंजी मी भरतीत अर्धा इंच कमी व्हतो. मग काय केलं? आठ दिस चिंचंला लोंबकळलो. आन् मोजायच्या दिवशी चौघांनी बाजेवर आडवा घालून नेला. पार सायबाच्या दारापतूर! उठलो त्यो टेपाखालीच. पास!"

आमच्या भागात अक्षर न येणारा माणूस भेटेल, पण भरतीची उंची तोंडपाठ नसलेला भेटायचा नाही. मंगीची भरती सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ ती चिंचेच्या फांदीला लोंबकळू लागली. तात्या खालून मोजायचे, "येक... दोन... सोडू नगंस, जवान!" आणि मी भिंतीवर कोळशानं रेघा ओढायचो. सातव्या सकाळी रेघ बरोबर चार फुटांना टेकली.

रेघा बघून गाव जमलं. पहिल्यांदा शेजारचे आले, मग आळी आली. ज्याला त्याला आपण दिवसाकाठी किती झिजतो ते बघायचं होतं! एक जण सकाळी मोजून गेला आणि संध्याकाळी बायकोला घेऊन आला. ती त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच निघाली. चौदा वर्षांचा संसार, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं! तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही. भिंतीवर जागा उरली नाही तेव्हा आई म्हणाली, "बाबा, आता दिवाळीला भिंत तूच सारवायची."

तात्यांना वेगळीच शंका. "गड्या, बैल बी कमी व्हतो का रं सांजच्याला?"

मी विचार करून म्हणालो, "बैलाचा मणका आडवा असतो. उंची नाही कमी होणार."

"मग लांबी?"

(हा प्रश्न मला सांगलीत एकाही प्राध्यापकानं विचारला नव्हता.) मी टेप घेऊन गोठ्यात गेलो. शिंगापासून शेपटीपर्यंतचा प्रयोग शेपटीपाशी संपला. मांडीवर खूर उमटला तो आठ दिवस निळा होता. बैलाची लांबी आजतागायत अज्ञात आहे.

एवढ्या गडबडीत वहिनी तेवढी गप्प. मी टेप काढला की माझ्याकडे बघून गालात हसायची. मला वाटायचं, कौतुक आहे.

जत्रेच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत गाडी जुंपली. आईनं माळवदावर बांबू उभा करून त्याला आपलं लाल लुगडं बांधलं, म्हणजे घर वरनं ओळखू यावं. मंगीला झोपेतच उचलून गाडीत कडब्यावर सरळ आडवी घातली. पौषातली थंडी, म्हणून वहिनीनं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर घातली. मी उशाशी टेप घेऊन, तात्या कासरा धरून.

"काका, बसू का?"

"खबरदार! चकत्या दबतील."

औंधचा रस्ता जत्रेकरूंनी भरलेला. पांढऱ्या चादरीतली पोर बघून लोक वाट देऊ लागले. एकानं टोपी काढली. एक म्हातारी गाडीच्या मागनं चालत डोळ्याला पदर लावून म्हणाली, "काय झालं वं लेकराला?"

"काही नाही आजी, उंची जपतोय."

"आसं कसलं दुकनं म्हनायचं ह्ये?" म्हातारीनं कनवटीचा अंगारा काढून चादरीखाली हात घातला आणि मंगीच्या कपाळाला लावला. मंगी जिवंत आहे हे कळल्यावर तर गर्दीला चेव आला. "आदी यमाईच्या पायावर घाला!" "वैद्याला दावलं का?" "भूक लागतीय का तिला?" हे शेवटचं ऐकून मंगी टुणकन उठून बसली.

"लागतीय! शेव पायजे!"

गर्दीतून "आई, यमाई गं!" असा आवाज उठला. दोघी बायकांनी गाडीच्या चाकाला हात लावून नमस्कार केला.

"मंगे, आडवी हो!" मी ओरडलो. "पाव इंच गेला!"

लोकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी बी.एस्सी. आहे हे सांगायची ती वेळ नव्हती.

पाळण्यापाशी पोचलो तर पाळणा बंद! पाळणेवाला घोंगडी घेऊन घोरतोय. तो जतकडचा, तिकडं कानडी धनगरांच्यात वाढलेला. आम्ही हलवल्यावर एक डोळा उघडून म्हणाला, "यप्पा! आत्ता कुटला पाळना? उनं कलल्याबिगार फिरत न्हाई."

सकाळची उंची घेऊन आम्ही सकाळीच हजर होतो, आणि पाळणा दुपारी! पाटीवर वेळ नव्हती. विचारायला हवं होतं.

मग काय, मंगीला गाडीखाली सावलीत आडवी ठेवली. आख्खी जत्रा तिच्या डोक्याशेजारनं पायांच्या रूपात गेली. पिपाण्या वाजल्या, बांगडीवाले ओरडले, पोरीनं आडवं पडून शेव खाल्ली, आडवं पडून ठसका खाल्ला. पण तक्रार नाही. फक्त मधून मधून, "काका, लुगडं वाऱ्यानं गुंडाळलं तर वं?"

"नाही गुंडाळणार."

"काका, शकीलाला कसं कळंल मी बघितलं म्हून?"

"ते वर गेल्यावर बघू."

उनं कलली. पाळण्याशी रांग लागली. तात्यांनी आणि मी मंगीला आडवीच उचलून नेली, तात्या डोक्याकडं, मी पायाकडं. खांबापाशी तात्यांनी हुकूम दिला, "सावधान!" आणि पोरगी ताठ उभी राहिली. वहिनीनं तिच्या डोक्यावर वेणीचा लाडू वळला होता. लाडू रेघेच्या वर गेला! तात्यांनी टाळी वाजवली. पाळणेवाल्यानं शांतपणे अंगठ्यानं लाडू दाबला. मंगीची टाळू आणि रेघ यांच्यात एका जोंधळ्याच्या दाण्याएवढं अंतर उरलं.

"कमी हाय," तो म्हणाला.

मंगीनं टाचा उचलल्या. माझं डोकं फिरलं. "अहो, ही सकाळी बरोबर होती! दिवसात माणूस अर्धा इंच कमी होतो! मी बी.एस्सी. आहे! मणक्यांच्या चकत्या..."

"सायेब, चकत्याचं मला ठावं न्हाई. कमी हाय म्हंजी कमी हाय. संगं बसा की मग."

"काय?"

"पोर रेघंच्या खाली आसलं तर मोटं मानूस संगं बसायचं. पाटीवर लिव्हलंय की."

मी पाटी बघितली. आता ती खांबाला टांगलेली होती, अख्खी. माझं पाठ असलेलं वाक्य वर, आणि त्याच्या खाली, त्या दिवशी जी दोराच्या ढिगाआड होती ती ओळ: 'मोठे माणूस सोबत असल्यास प्रवेश मिळेल.'

मी वहिनीकडं वळलो. "वहिनी, गेल्या साली हा तुम्हाला काय म्हणाला होता?"

"ह्येच की! संगं बसा म्हनला. मला बैलगाडीत मळमळतंय, मी कवा पाळन्यात बसायची? आलो माघारी."

"मग आठ दिवस बोलला का नाहीत?"

वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "भावजी, मला वाटलं तुमी संगं बसायला भेताय, म्हून पोरीलाच लांब करायला लागलाय! आसं कसं तोंडावर बोलायचं शिकल्याल्या मान्साला?"

रांगेतले लोक हसले. तात्यांनी आपला गुडघा धरला. (तो गुडघा एरवी दुखत नाही.) राहिलो मी. मंगीनं माझं बोट धरलं. "चला की, काका."

आता एक कबूल करतो. तोवर मी आमच्या माळवदापेक्षा उंच कधी चढलो नव्हतो. कडब्याची गंजसुद्धा दुसऱ्यानं रचायची. आपण भितो की नाही, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. त्याचं उत्तर पाळण्याच्या पहिल्या पाव फेऱ्यात मिळालं. जमीन गेली, तात्या गेले, आणि मी डोळे मिटून दांडा असा आवळला, की वळ आठवडाभर राहिले. पाळणा ऐन वर गेला आणि थांबला! खाली माणसं भरणं चाललं होतं.

"काका! मंदिर दिसतंय! तळं दिसतंय! काका, त्ये बगा, लाल! त्ये लाल हलतंय त्ये आपलं का?"

"व्हय," मी म्हणालो. (बी.एस्सी. झाल्यापासून 'व्हय' सोडलं होतं. ते त्या दिवशी परत आलं.)

"पर तुमी डोळं मिटल्यात!"

"शास्त्राप्रमाणे आपलंच आहे! हलू नको!"

खाली आल्यावर मी दोन पावलं टाकली आणि बसलो. मंगीनं सगळ्यांना सांगितलं: घर दिसलं, लुगडं दिसलं, आणि काकानं वर डोळे मिटून यमाईला सात वेळा हाका मारल्या. तिनं मोजल्या होत्या. मोजायची सवय मीच लावली होती. शाळेत शकीला म्हणाली, "साक्षीदार कोन?" मंगी म्हणाली, "काका." शकीला म्हणाली, "त्यांचं डोळं मिटलेलं व्हतं." निकाल लागला नाही. मला बघून पोरं यमाईला हाका मारू लागली.

पुढच्या साली मंगी रेघेच्या वर दोन बोटं गेली. लोंबकळणं नाही, चादर नाही. या खेपेला तिनं शकीलालाही आणलं होतं, आणि ती रेघेला बरोबर टेकली. पाळणेवाल्यानं दोघींना आत सोडलं. यंदा तरी डोळे उघडे ठेवून शास्त्राची शहानिशा करावी, म्हणून मीही मागोमाग पाय उचलला. त्यानं माझ्या छातीवर हात ठेवला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि ओळख पटल्यावर मान हलवली.

"न्हाई सायेब. तुमास्नी येकट्याला न्हाई सोडायचा."

आतून मंगी ओरडली, "सोडा वं त्यास्नी! मी हाय की संगं!"

तेव्हा कुठं मला प्रवेश मिळाला.