सासऱ्यांची गाडी आणि विज्ञानाचे मास्तर

माझ्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं बस चालवली आणि मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतोय. त्यामुळे आम्हा दोघांत शहाणा कोण, याबद्दल माझ्या मनात कधी शंकाच आली नाही.

डोळे अधू झाल्यावर त्यांनी आपली सतरा वर्षं जुनी गाडी मला दिली. किल्ली देताना म्हणाले, "हिची एसी-पंख्याची बटणं एकदा दाखवू का?"

"बाबा, उष्णता हाच तर माझा विषय!" मी हसून म्हणालो. ते गप्प बसले. गप्प बसण्यात हा माणूस पटाईत.

गाडीत तीन गोल बटणं होती. एक पंख्याचं, एक निळ्यापासून लालपर्यंत फिरणारं, आणि एक हवा तोंडावर, पायांवर की काचेवर सोडायची ते ठरवणारं. शेजारी एसीचं छोटं बटण. खाली एक सरकती दांडी. तिच्यावर हवा बाहेरून घ्यायची की आतलीच फिरवायची हे ठरे. निळं-लाल बटण मी पहिल्याच दिवशी बरोब्बर मध्यावर ठेवलं. टोकाची भूमिका मला कशातच आवडत नाही. दांडी आतल्या हवेवर लावली, धूळ नको म्हणून. एसी फक्त उन्हाळ्यात लावायचा, हेही ठरवून टाकलं.

अख्खा उन्हाळा आम्ही त्या गाडीतून घामाघूम होऊन उतरत होतो.

"एसी लावलाय ना?" बायको विचारायची.

"जुनी गाडी आहे, जरा सांभाळून घे," मी म्हणायचो. मागच्या सीटवर सासरे रुमालाने मान पुसत बसलेले असायचे.

मग त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीचा दिवस उजाडला. बायको कामावर गेलेली, गाडीत आम्ही दोघंच, ते नेहमीप्रमाणे मागे. पाऊस मुसळधार कोसळत होता. निम्म्या वाटेत पुढची काच आतून अशी धुरकटली की समोरचा ट्रक आहे की भिंत, कळेना. मी रुमालाने पुसली, मग बाहीने. पुसलेल्या जागी पुन्हा वाफ धरायची. शेवटी गाडी कडेला घेतली आणि कबूल केलं, "बाबा, मला काही दिसत नाहीये."

"मलाही," सासरे म्हणाले. "पण मला सवय आहे. पुढे येऊ का?"

मी त्यांना हात धरून शेजारी आणून बसवलं. त्यांनी बटणांवरून बोटं फिरवली. हवेचं बटण काचेकडे वळवलं, पंखा वाढवला, दांडी बाहेरच्या हवेवर सरकवली आणि एसी सुरू केला.

"अहो, पावसात एसी?"

"एसी हवा कोरडी करतो, मास्तर. आपल्या दोघांच्या श्वासाचीच वाफ काचेवर बसलीय. तुम्ही दार लावून तीच तीच हवा फिरवताय."

दोन मिनिटांत काच खालून वर स्वच्छ होत गेली. समोर ट्रकच होता.

"आणि उन्हाळ्यात गार का होत नाही?" मी हळूच विचारलं.

"होईल कसं? बटण निम्मं लालवर! एसी हवा गार करतो आणि तुम्ही तीच इंजिनाच्या उष्णतेवर पुन्हा गरम करता. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी उघडायच्या, कोंडलेली हवा जाऊ द्यायची. मग पूर्ण निळ्यावर. गारवा धरला की दांडी आतल्या हवेवर."

बाष्पीभवन आणि सांद्रीभवन मी दरवर्षी फळ्यावर बाण काढून शिकवतो. पाठ्यपुस्तकात गाडीची काच नाही, एवढाच माझा बचाव.

"वर्षभर बोलला का नाहीत, बाबा?"

ते संकोचले. "तुम्ही विज्ञानाचे मास्तर. मला वाटलं, काहीतरी प्रयोग चाललाय."

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होईल, डावा मात्र गेला. परतताना त्यांनी बटणांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "गाडी काही मी आता चालवणार नाही."

"मला चालवायला शिकवाल तर खरं? अजून चढावर माझं इंजिन रडतं."

"एसी चालू ठेवून चढता म्हणून," ते लगेच म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

आता ते पुढेच बसतात. बऱ्या झालेल्या एका डोळ्याने रस्ता बघतात, आणि माझा गिअर चुकला की घसा खाकरतात. मी रोज नापास होतो.