नावाआधीची जागा

परळच्या आमच्या कॉलेजात मानपत्रं लिहायचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं, ते सांगण्यात अर्थ नाही. मराठी शिकवणाऱ्या बाईकडे विशेषणांचं पोतं भरलेलं असतं, असा बाकीच्या विभागांचा समज आहे. वार्षिक समारंभ जवळ आला की प्राचार्य म्हणायचे, "मॅडम, यंदाही तुम्हीच. तुमची भाषा काय ओघवती!" ओघवती कसली डोंबलाची. वर्षानुवर्षं मी तेच चार शब्द फिरवून फिरवून वापरत होते. निष्ठावान, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख. यातले शेवटचे दोन अशा अशा माणसांना लावलेत की लिहिताना माझं मलाच हसू यायचं.

पुरस्कार दोन असतात. एक प्राध्यापकाला, एक शिक्षकेतर कर्मचाऱ्याला. प्राध्यापकांना तो मागावा लागतो. म्हणजे आपली फाइल आपणच करायची, तीत फोटो, कात्रणं, सर्टिफिकेटं लावायची आणि 'मी विद्यार्थ्यांमध्ये अत्यंत लोकप्रिय आहे' असं लिहून खाली स्वतःचीच सही ठोकायची. एका सरांनी वृक्षारोपणाचे तीन फोटो लावले होते, तिन्हींत रोप एकच. शिक्षकेतर मंडळी अर्ज करत नाहीत, कारण अर्ज असतो हे त्यांना कुणी सांगतच नाही. त्यांच्यातलं एक नाव आम्ही समितीत बसून काढतो, चहा थंड व्हायच्या आत.

त्या वर्षी मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मावशींचं नाव सुचवलं. मावशी म्हणजे तिथल्या लॅब अटेंडंट. माझ्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या, पण आमच्याकडे शिपाई तो मामा आणि अटेंडंट ती मावशी, मग वय काही का असेना. तीन महिन्यांनी त्या रिटायर होणार होत्या आणि पुरस्कार नोकरीत असलेल्यालाच मिळतो. तेव्हा मिळाला तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

समितीतले एक सर म्हणाले, "त्या काय, टेस्ट ट्यूबच धुतात ना?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, वीस वर्षांत पोरांनी स्वच्छ नळीत प्रयोग केले ते कुणामुळे? तुमच्या फाइलमुळे?" रोपवाले सर तेच. 

मला स्वतःला प्रयोगशाळेतलं ओ की ठो कळत नाही. पण माझी खोली तिला लागून, त्यामुळे दुपारचा चहा मी मावशींच्या टेबलापाशीच घ्यायचे. तिथे बसून एक गोष्ट मी पाहिली होती. बाटल्यांवरची लेबलं वाफेनं, थेंबांनी गळून पडतात. दुसरं कुणी असतं तर रंग बघितला असता, 'हे तेच असणार' म्हटलं असतं आणि नवं लेबल चिकटवून मोकळं झालं असतं. मावशी कोरी चिठ्ठी चिकटवायच्या आणि ती बाटली खिडकीजवळच्या फळीवर ठेवून द्यायच्या. सर तपासून सांगेपर्यंत बाटली तिथेच. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वाटतं म्हणून लिहायचं नाही, मॅडम. माहीत असेल तर लिहायचं, नसेल तर कोरं ठेवायचं."

एकदा नव्यानं आलेल्या एका सरांनी प्रॅक्टिकलच्या घाईत फळीवरची एक बाटली उचलली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं. मावशींनी ती त्यांच्या हातातून सरळ काढून घेतली. सर चिडले, पण तपासलं तेव्हा ते जळजळीत ॲसिड निघालं. पोरांच्या हातावर गेलं असतं म्हणजे? हे मला मावशींनी सांगितलं नाही, त्या सरांनीच नंतर मान खाली घालून सांगितलं. मी ते समितीत सांगितलं आणि नाव पक्कं झालं.

ते मानपत्र मी मनापासून लिहिलं. हसतमुख लिहिलं नाही, कारण मावशी फारशा हसत नाहीत. लेबलांची हकीकत लिहिली आणि शेवटचं वाक्य लिहिलं, 'खोटं लिहिणं यांच्या हातून कधी घडलं नाही.' वाक्य मला भलतंच आवडलं. दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं.

आता माझा एक नियम सांगायला हवा. मी मानपत्रात कुठल्याच बाईच्या नावाआधी सौ. लिहीत नसे. सरसकट श्रीमती. आपल्याकडे श्रीमती म्हटलं की लोक नवरा गेला असं धरून चालतात, ते मला ठाऊक होतं. चालू देत, म्हणायचे. पुरुषाच्या नावाआधी त्याची बायको आहे की नाही ते लिहितो का आपण? आणि माझं म्हणाल तर माझं लग्न झालेलं नाही. पन्नाशी उलटली तरी मला 'कु.' लिहिलेल्या निमंत्रणपत्रिका येतात. कुमारी! केस पिकले माझे. तेव्हा या विषयावर माझ्याशी कुणी वाद घालायला येत नसे.

मावशी आल्या. समारंभाला आठवडा होता. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मॅडम, ते नावाच्या आधी लिहितात ना..."

मला पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. गळ्यात काळी पोत, कपाळावर टिकली, आणखी काय सांगायला येणार ही बाई? मी पेन खाली ठेवलं आणि सुरू झाले. नाव तुमचं, नोकरी तुमची, पुरस्कार तुमचा, मग त्यात नवऱ्याची हजेरी कशाला? मध्ये त्या एकदा म्हणाल्या, "तसं नाही मॅडम, मी काय म्हणत होते..." मी म्हटलं, "काही म्हणू नका. सगळ्यांना एकच नियम." आणि आणखी पाचेक मिनिटं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, चला, पटलं.

दोन दिवसांनी आमचे हेडक्लार्क मजकुराची ऑफिसातली प्रत घेऊन आले. कागद माझ्यापुढे टाकत म्हणाले, "मॅडम, हे श्रीमती काढा."

"का म्हणून?"

"त्यांची सासू येणार आहे समारंभाला. तुम्ही माईकवर वाचणार ना?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. मावशींचा नवरा वीसेक वर्षांपूर्वी शिमग्याला गावी जातो म्हणून गेला, तो गावी पोचलाच नाही. शोधाशोध झाली, पोलिसात तक्रार झाली, काही पत्ता लागला नाही. मावशींनी मुलगी वाढवली, सासूला सांभाळलं. सासू पंच्याऐंशीच्या घरात. मुलगा येणार, हे तिनं एक दिवसही सोडलेलं नाही. नायगावची चाळ पाडायला घेतली तेव्हा सगळे भोईवाड्यात भाड्याच्या खोलीत आले. म्हातारी निघायलाच तयार नव्हती. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नवा पत्ता लिहून ठेवला, तेव्हा उठली.

"त्या म्हातारीला पहिल्या रांगेत बसवून तुम्ही सुनेला श्रीमती म्हणणार?" हेडक्लार्क म्हणाले. "तुमचा नियम थोडा बाजूला ठेवा की, मॅडम."

मला स्वतःची लाज वाटली. ती बाई हे सांगायला आली होती आणि मी तिला भाषण ऐकवलं. मजकूर आदल्याच दिवशी लालबागच्या प्रेसकडे गेला होता. मी कॉलेज सुटल्यावर तशीच तिथे गेले. प्रेसवाला म्हणाला, "एका शब्दासाठी पुन्हा काढायचं? चौकटीत बसवून झालंय." मी म्हटलं, "काढा हो, उगाच डोकं खाऊ नका." समोर बसून सौ. करून घेतलं. मावशींना काही बोलले नाही. म्हटलं, समारंभात कळू दे.

समारंभाच्या दिवशी म्हातारी खरंच पहिल्या रांगेत होती. नऊवारी, अंबाडा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. शेजारी नात. रोपवाल्या सरांना पुरस्कार मिळाला, त्यांनी उत्तरादाखल वीस मिनिटं खाल्ली. मग मावशींचं नाव आलं. मी माईक नीट केला आणि छापलेलं नुसतं सौ. असताना मुद्दाम पूर्ण शब्द वाचला. सौभाग्यवती. अगदी सावकाश, मागच्या रांगेपर्यंत जाईल असा.

म्हातारी ताठ बसली. शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर थाप मारून काहीतरी म्हणाली. नातीनं मात्र मान खाली घातली. लाजली असेल, असं मला वाटलं. मावशी व्यासपीठावर आल्या, नमस्कार केला, मानपत्र घेतलं आणि काच छातीकडे धरून खाली उतरल्या. फोटोवाल्यानं दोनदा सांगितलं तेव्हा कुठे चौकट सरळ केली.

नंतर म्हातारीनं माझा हात धरला. "बाय माझे, सवाष्णीचो मान केलंस," म्हणाली. मग आवाज खाली आणून, "झील इलो तर तेका आमचो ह्यो पत्तो खंय ठावूक? म्हणून वाण्याकडे ठेवलंय." मी म्हटलं, मुलासाठी पत्ता ठेवलात ते बरं केलंत आजी. माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. घरी जाताना दादरला उतरून स्वतःसाठी गजरा घेतला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मी प्रयोगशाळेत गेले. मनातून वाटत होतं, मावशी काहीतरी बोलतील. त्या नळाखाली काचेच्या नळ्या धूत होत्या. मागे न वळताच म्हणाल्या, "मॅडम, ते सौ. कुणी घातलं?"

"मीच. प्रेसमध्ये जाऊन बदलून घेतलं. तुम्ही त्या दिवशी मागायला आला होतात ना."

त्यांनी नळ बंद केला. हात पुसले. म्हणाल्या, "ते गेले, मॅडम. दोन वर्षं झाली."

मला कळेचना.

"फोन आला होता, लांबच्या एका गावातून. तिथल्या सरकारी दवाखान्यात होते. खिशातल्या कागदावर नायगावचा पत्ता होता, त्यावरून पोलिसांनी माझा नंबर काढला. मी आणि मुलगी गेलो. ओळखलं. तिथेच सगळं केलं आणि चौथ्या दिवशी परत आलो. सासूबाईंना सांगितलं, बहिणीकडे गेले होते."

"आणि ही टिकली, पोत?"

"त्यांच्यासाठी. त्यांना कळलं तर त्या दुसरा दिवस बघणार नाहीत. घरात मी रोज खोटं वागते, ते मी पत्करलंय. कॉलेजच्या कागदावर नको होतं मला." त्या एक नळी पुसत राहिल्या, ती केव्हाच कोरडी झाली होती. "तुम्ही खाली किती चांगलं लिहिलंत. खोटं लिहिणं हातून घडलं नाही म्हणून. आणि वर माझ्या नावाआधीच ते."

"म्हणजे तुम्हाला श्रीमतीच हवं होतं?"

"नको. सासूबाई भिंग लावून अख्खा पेपर वाचतात, त्यांनी तेही वाचलं असतं. नुसतं नाव लिहा, आधीची जागा कोरी ठेवा, एवढंच हवं होतं. खोटंही झालं नसतं आणि कुणाला लागलंही नसतं."

मी वरमले. आणि वरमले की मी चिडते, ही माझी जुनी खोड. म्हटलं, "अहो मग सांगायचं नाही का मला?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, अजिबात नाही. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं.

"सांगायलाच आले होते, मॅडम. तुम्ही बोलत होतात."

चहा तसाच राहिला. मी माझ्या खोलीत निघून आले.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा लालबागला गेले. प्रेसवाल्यानं मला पाहून कपाळाला हात लावला. तोच मजकूर, तोच कागद, तीच चौकट, फक्त नावाआधी काही नाही. तयार झालेलं मानपत्र मी दोन महिने कपाटात ठेवलं आणि मावशींच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या टेबलावर नेऊन दिलं. त्यांनी ते उभ्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. नावापाशी आल्यावर त्या मोकळ्या जागेवरून काचेवर एकदा बोट फिरवलं.

"पहिलं भिंतीवर आहे," त्या म्हणाल्या. "सासूबाई रोज सकाळी पदरानं काच पुसतात. त्या आहेत तोवर ते राहू दे. हे ट्रंकेत ठेवते, नंतर लावेन."

मला पुष्कळ बोलायचं होतं. माफी मागायची होती, ती कशी मागायची तेही मी घरून ठरवून आले होते. पण मावशी चौकट वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या आणि मला वाटलं, त्यांना आणखी काही सांगायचं असेल. मी तोंड मिटलं आणि थांबले.