बोट न दाखवणारी मुलगी

"बोट दाखवते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाय हो," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "आमच्या घरात कोणतंच पोर बोट नाय दाखवत. दोडक्याचे मांडव हायेत आमचे."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. त्या शहरातल्या, त्यांना काही कळेना. मग मी सांगितलं की कोवळ्या दोडक्याला, काकडीला बोट दाखवलं की ते सडतं असं आमच्याकडे मानतात. मखमलाबादच्या पुढे आमचं शेत आहे, वेलींवरच घर चालतं. त्यामुळे पोर चालायला लागलं की पहिली शिकवण हीच, बोट मुडपून घ्यायचं.

सगळे प्रश्न संपल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, माझ्या मुलीला, तनूला, ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर आहे. म्हणजे मेंदूची घडणच वेगळी. बोलणं, माणसांत मिसळणं, आवाज आणि स्पर्श सोसणं, सगळं वेगळ्या रीतीने होतं. औषधाने जाणारं ते दुखणं नव्हे, पण लवकर शिकवायला सुरुवात केली तर पुष्कळ फरक पडतो. तनू तेव्हा सव्वाचार वर्षांची होती. टेबलाखाली बसून माझ्या चपलेचा पट्टा उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती.

'लवकर' हा शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं.

कारण ती दीड वर्षाची असताना लस द्यायला नेली, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला होता. सासूबाईंनी हेच उत्तर दिलं होतं. डॉक्टर हसले, "शिस्तीचं घर आहे तुमचं," म्हणाले आणि फाइलवर बरोबरची खूण केली. मूल त्या वयात बोट दाखवून वस्तू मागतं, शिवाय 'आई, ते बघ' असंही बोटानेच सांगतं. याला जॉइंट अटेंशन म्हणतात, म्हणजे आपण बघतोय त्यात दुसऱ्यालाही ओढून घेणं. ते नसेल तर पुढे तपासायचं असतं. त्यांना हे ठाऊक होतं, तरी त्यांनी खूण केली.

आणि मी? मी डी.एड. झालेली, पाच वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेली. पुतण्यांना बोट दाखवल्याबद्दल मी स्वतः धपाटे घातले होते. तरी ते दाखवायचेच. दटावलं म्हणून मुलं बोट दाखवायची थांबत नाहीत. माझ्या मुलीला एकदाही दटावलं नव्हतं, तरी ती दाखवत नव्हती आणि मी ते संस्कार समजून मिरवत होते. तिने माठाकडे नुसतं पाहिलं तरी कुणीतरी पाण्याचा पेला घेऊन हजर व्हायचं. "तिच्या मनातलं आम्हाला बरोबर कळतं," हे आमच्या घरातलं आवडतं वाक्य होतं.

ऐकायला येतं ना हे बघायला बेरा टेस्ट झाली. झोपेत डोक्याला तारा लावून कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते पाहतात. पोचत होता. मग शाळा. एका बालवाडीने तिला एकोणीस दिवस ठेवलं. विसाव्या दिवशी बाईंनी मला बोलावून चहा दिला. "तुम्ही स्वतः टीचर आहात. तुमच्याइतकं चांगलं हिला कोण शिकवणार? घरीच शिकवा ना." अशा मुलांना शाळा नाकारता येत नाही, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "कायदा बरोबरच आहे, पण बाकीचे पालक ऐकत नाहीत." मी चहा तसाच ठेवून उठले. तो कप फोडायला हवा होता असं मला अजून वाटतं.

नोकरी सोडली. माझ्या नवऱ्याने, संदीपने, मागच्या खोलीतली खताची पोती हलवली. मी तिथे टेबल, फळा, वेळापत्रक, सगळं मांडलं. साडेदहाला हजेरी घ्यायचे. एका मुलीची हजेरी! हसा, हसण्यासारखंच आहे. तनू खोलीच्या दारात आली की जमिनीवर पसरायची आणि मी तिला ओढत टेबलाशी न्यायचे. शाळेने हाकलल्याचा राग मी तिच्यावर अ, आ, इ करून काढत होते.

त्या थंडीत ती किंचाळायला लागली. जेवेना, झोपेना, डोकं भिंतीवर आपटायची. आम्ही हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी फाइल उघडली. "ऑटिझम आहे ना? मग मेल्टडाउन असेल. अशी मुलं करतात असं." मेल्टडाउन म्हणजे आवाज, उजेड, गर्दी सोसेनाशी झाली की मुलाचा ताबा सुटतो ते. झोपेचं औषध देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. डॉक्टर दुसरे, फाइल तीच, वाक्यही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या उशीवर पू आणि रक्त होतं.

ओटायटिस मीडिया. कानाच्या पडद्यामागे पू साठणं. तो इतका साठला की पडदा फुटला. मोठी माणसं या दुखण्याने गडाबडा लोळतात, असं नंतर कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन दिवसांत दोघांनी तिची फाइल वाचली आणि एकानेही कानात बघितलं नाही.

मी त्या हॉस्पिटलात परत गेले आणि व्हरांड्यात उभी राहून ओरडले. सिक्युरिटीवाला धावत आला. "ताई, हळू बोला, पेशंट हायेत इथं." "माझी पोर पण पेशंटच होती," मी म्हटलं. सगळे माझ्याकडे बघत होते. बघू देत.

तुमच्या मुलाच्या फाइलवर असा शब्द लिहिलेला असेल तर माझं ऐका. मूल अचानक वेगळं वागायला लागलं की आधी कान, दात, घसा, पोट बघा, मग बाकीचं बोला, असं डॉक्टरांना ठणकावून सांगा. भांडखोर बाई म्हणतील. म्हणू देत.

आम्हाला खरी वाट दाखवली ती स्पीच थेरपिस्टने, म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी. जेमतेम पंचविशीची मुलगी. आमची वर्गखोली बघून म्हणाली, "ताई, हे टेबल आवरा. अ, आ, इ नंतर येईल. दुखतंय हे हिला आधी सांगता यायला पाहिजे. तोंडानेच सांगावं असं काही नाही."

आम्ही कार्डं केली. पाणी, भाकरी, टेम्पो, आजी, सगळ्यांचे फोटो. आणि तनूचा स्वतःचा फोटो पाच कार्डांवर, प्रत्येकावर एकेका जागी लाल ठिपका: डोकं, कान, दात, पोट, पाय. कार्डं ओढली की निघतील अशी एका पट्ट्याला चिकटवून पट्टा माझ्या पर्सला टांगला. आमची शाळा आता शेतावरच्या शेडमध्ये भरायला लागली, काकड्या क्रेटमध्ये लावता लावता. तिला ठेच लागली की मी पायाचं कार्ड तिच्यासमोर धरायचे. असं चार महिने.

सगळ्यात अवघड परीक्षा सासूबाईंची. कार्ड दिल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, असं ठरलं होतं. "पोरीला तहानलेली ठेवायची? लय पाप लागंल," म्हणून त्या रडायच्या आणि हात पदरात घट्ट गुंडाळून बसायच्या. एका दुपारी तनूने पाण्याचं कार्ड आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या दिवशी तिला चार पेले पाणी मिळालं.

पावसाळ्यात कान पुन्हा दुखला. या वेळी तिने कानाचं कार्ड काढून दिलं, कानाच्या डॉक्टरांनी लगेच पाहिलं आणि अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध दिलं. मी गावभर सांगत सुटले. पण दोनच दिवसांत ती औषध थुंकायला लागली, पुन्हा किंचाळणं सुरू झालं. कान अजून दुखतोय, मी ठरवलं. पुढचे तीन दिवस तिचं नाक दाबून औषध घशाखाली उतरवलं.

पाचव्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. संदीप बाहेर टेम्पोपाशी थांबला. तनू माझ्या मांडीवर होती. मी सुरू झाले, "सर, कान अजून ठणकतोय, झोपत नाही, औषध घेत नाही..."

तनूने तळहात माझ्या तोंडावर ठेवला. मी तो बाजूला केला आणि बोलत राहिले. तिने पुन्हा ठेवला, या वेळी नखं रुतवून. दुसऱ्या हाताने पर्सच्या पट्ट्यावरून कार्ड ओरबाडलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर आपटलं. पोट.

"चुकून काढलंय सर तिने," मी तिच्या बोटांमधूनच म्हटलं. "कानच आहे."

तिने कार्ड उचललं आणि पुन्हा आपटलं.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जरा गप्प बसता का?"

त्यांनी तिला झोपवून पोट दाबून पाहिलं, ती कळवळली. मग कानात पाहिलं. "कान छान बरा होत आलाय. हे औषध हिला सोसत नाहीये, पोटात मुरडा येतोय. दोन-तीन दिवस ती तुम्हाला हेच सांगत असणार." त्यांनी औषध बदललं. आम्ही निघताना कार्ड त्यांनी तिच्याच हातात दिलं, माझ्या नाही. त्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

सगळ्यांशी भांडून झालं होतं. तिचं कुणी ऐकत नाही म्हणून मी व्हरांड्यात ओरडले होते, आणि तीन दिवस तिचं नाक दाबणारी मीच होते. स्वतःचा आला तितका राग मला त्या दोन डॉक्टरांचाही आला नव्हता.

बाहेर आलो. संदीपने माझ्याकडे बघून विचारलं, "काय झालं गं तिला?"

मी सांगायला तोंड उघडलं, मग म्हटलं, "तिलाच विचार." तनूच्या मुठीत कार्ड होतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.