आर्डिथच्या टेबलावरची मॉझर

एल्क काउंटीतल्या बंबखान्याच्या हॉलमध्ये वर्षातून दोनदा बंदुकांचा बाजार भरतो, आणि दोन्ही वेळा आर्डिथ डिट्झ टेबलाचं भाडं भरून तिथे काहीही विकत नाही. निरनिराळ्या देशांच्या सैन्यांनी जुन्या म्हणून काढून टाकलेल्या रायफली ओळीनं मांडायच्या, पुढे ‘विकायला नाही’ असा पुठ्ठा उभा करायचा, आणि मागे घडीच्या खुर्चीवर बसून बिटाच्या आंबट पाण्यात मुरलेली अंडी खात आल्यागेल्याला नाही म्हणायचं, एवढाच तिचा दिवसभराचा धंदा. एकदा बाजाराच्या मंडळातले दोघं तिला समजवायला आले, की बाई, टेबल असतं ते माल विकणाऱ्यांसाठी. “भाडं घेताना हे नाही बोललात,” असं म्हणून तिनं बरणीतलं पुढचं अंडं उचललं.

ही बाई हट्टी आहे असं सगळी काउंटी म्हणते. म्हणेना का. तिनं पहिली बंदूक घेतली तेव्हा ही सगळी शहाणी काउंटी तिला हसली होती. त्या काळी हार्डवेअरच्या दुकानात फावड्या-दाताळ्यांशेजारी एक पिंप असायचं आणि त्यात असल्या रायफली नळ्या वर करून उभ्या असायच्या, ग्रीसनं बरबटलेल्या. आर्डिथ दाराची बिजागरी आणायला गेली होती. बिजागरी राहिली आणि बंदूक घरी आली. “शेगडीत घालायला घेतलीस का गं?” असं दुकानदारानं विचारलं होतं, आणि पैसे मात्र मोजून घेतले होते.

ती धातूची भुकटी दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. दर नाताळाला बोनस मिळाला की बायका नवा पडदा, नवा टोस्टर घ्यायच्या. आर्डिथ पिंपाकडे जायची. तिची पद्धत ठरलेली. बॅटरी दातांत धरायची, अंगठ्यानं ग्रीस पुसायचं आणि आकडे वाचायचे. बंदूक घडते तेव्हाच तिच्या अंगावर एक आकडा ठोकतात, आणि काडतूस आत ढकलून दार लावतो तो मुठीचा बोल्ट, त्याच्यावरही तोच आकडा ठोकतात. दोन्ही जुळले तर बंदूक घरी, नाही तर परत पिंपात. पिंपात हात घालणारे पुरुष फक्त किंमत बघायचे. घरी नेऊन दस्ता करवतीनं कापायचे, पॉलिश मारायचे, वर दुर्बीण बसवायचे आणि हरणाच्या शिकारीला झकास झाली म्हणायचे. आर्डिथला हे बघवत नसे. “एका अख्ख्या सैन्यानं चाळीस वर्षं जपली आणि तू शनिवारी दुपारी कापलीस,” असं ती तोंडावर म्हणायची.

पुढे बाहेरून माल यायचा थांबला आणि पिंपं रिकामी झाली. पूर्वी सत्तर-ऐंशी डॉलरला जी बंदूक मिळायची तिला दोनशे, मग चारशे, मग त्याच्याही पुढे मागू लागले. ज्यांनी कापल्या होत्या ते कपाळाला हात लावून बसले. हसणारे थांबले ते तेव्हा. बंदुका त्याच होत्या, बाई तीच होती, फक्त भाव चढला होता.

आता आर्डिथच्या त्या सगळ्या जुळलेल्या रांगेत एक युगोस्लाव सैन्याची मॉझर रायफल आहे, आणि तिचा आकडा जुळत नाही. अंगावर एक, बोल्टवर भलताच. बाजारातला सगळ्यात मोठा व्यापारी वेंडेल क्रूग दर वेळी तिच्या टेबलाशी थांबून नेमकी तीच उचलतो.

“आर्डिथ, तुझ्या इतक्या चांगल्या पोरांत हे सावत्र कुठून आलं?”

“खाली ठेव, वेंडेल. हात तेलकट आहेत तुझे.”

“बाकीच्यांना नाही म्हणतेस ते समजतं. हिला कशाला कवटाळून बसलीयस?”

“कारण माझी आहे.”

याच्या पलीकडे तिनं कधी कुणाला काही सांगितलं नाही. ती मॉझर मर्लबरोबर घेतली होती. मर्ल म्हणजे तेव्हाचा तिचा नवरा. सुरुवातीला तोही हसायचा, मग त्यालाही नाद लागला, आणि एका जुलैत दोघांनी एकाच पेटीतून दोन युगोस्लाव उचलल्या, एक त्याची आणि एक तिची. दोन्हींचे आकडे जुळलेले. आर्डिथनं दोन्ही वाचूनच घेतल्या होत्या. कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत गुंडाळून त्या पिकअपच्या टपावर उन्हात ठेवल्या, म्हणजे ग्रीस आपोआप पाघळतं. बोल्ट काढून दोघांनी एकाच घमेल्यात रॉकेलमध्ये टाकले. मर्ल बिअर पीत रेडिओबरोबर गात होता, बेसूर, पण मन लावून. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. आर्डिथच्या नाकाला ग्रीस लागलं होतं आणि ते पुसायच्या नावाखाली मर्लनं तिचं अख्खं तोंड काळं केलं होतं. इतकं ती त्याआधी कधी हसली नव्हती, आणि नंतरही नाही. संध्याकाळी स्वच्छ झालेले बोल्ट फडक्यावर ठेवून मर्लनं विचारलं, “यातला माझा कुठला?” आर्डिथनं एक उचलून त्याच्या हातात दिला.

काही वर्षांनी मर्ल बोलिंगच्या हॉलमधल्या एका बाईबरोबर निघून गेला. कोर्टानं बंदुका निम्म्या-निम्म्या वाटल्या. त्याच्या वाटणीत गेलेल्या सगळ्या आर्डिथनं पिंपातून निवडलेल्या होत्या, आणि त्या त्यानं महिन्याच्या आत फुंकून टाकल्या, त्या वेळच्या पडेल भावात. निदान विकू नकोस, असं तिनं त्याला फोन करून सांगितलं होतं. तेवढाच एक फोन. “जुनं लोखंड आहे, आर्डिथ,” तो म्हणाला होता. शिकारीपुरती ती एक युगोस्लाव तेवढी त्यानं ठेवली.

यंदा वसंतातल्या बाजारात मर्ल ती मॉझर खांद्यावर टाकून क्रूगकडे आला. गुडघे गेल्यामुळे आता जंगलात जाणं होत नव्हतं, तेव्हा विकायची होती. क्रूगनं चष्मा लावला, आकडे वाचले आणि तिथल्या तिथे वळून आर्डिथच्या टेबलाकडे बघितलं. मर्लच्या बंदुकीवरचा आकडा आर्डिथच्या बोल्टवर होता आणि तिच्या बंदुकीवरचा त्याच्या बोल्टवर. तो मर्लला म्हणाला, “अशी दिलीस तर साडेतीनशे. तिच्याकडून बोल्ट बदलून आणलास तर सातशे. तिच्याही बंदुकीचे तेवढेच होतील. दोघांचा फायदा आहे, जा.”

आणि मर्ल पुढच्याच रविवारी दुपारी तिच्या दारात उभा राहिला, हातात बंदुकीची पिशवी घेऊन. आर्डिथ शेगडीवर कोबी आणि शेवया लोण्यात परतत होती. तिनं जाळीचं दार उघडलं आणि पुन्हा कढईकडे वळली.

“जेवायला बोलावलेलं नाही,” ती म्हणाली.

“जेवायला आलोही नाही.” मर्ल खुर्ची ओढून बसला. त्यानं सगळं सांगितलं, क्रूगचा भाव, आकडे, दोघांचा फायदा. “दोन मिनिटांचं काम आहे, आर्डिथ. तुझा बोल्ट मला दे, माझा तू घे. संपलं.”

“नाही.”

“का पण?”

“नाही म्हटलं की नाही.”

“अगं, तुझीच बंदूक दुप्पट किमतीची होईल.”

“मला विकायची नाही. दुप्पट होवो नाही तर चौपट, मला काय त्याचं?”

मर्लचा आवाज चढला. “तुझं हे नेहमीचं आहे. स्वतःला नको आणि दुसऱ्यालाही मिळू द्यायचं नाही. त्या दिवशी फडक्यावरून बोल्ट उचलून तूच दिलास मला. गोंधळ तू केलास आणि भुर्दंड मी सोसायचा.”

आर्डिथनं शेगडी बंद केली. तिला राग आला होता, आणि आला तो ‘गोंधळ’ या शब्दाचा. तरी ती शांतपणे म्हणाली, “वेंडेल किती देतोय म्हणालास? आहे तशी?”

“साडेतीनशे.”

तिनं फळीवरचा कॉफीचा डबा खाली काढला आणि पैसे टेबलावर ठेवले. “आहे तशी मी घेते. जुळत नाही ना ती? मग न जुळणारीचा भाव.”

मर्ल नोटांकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. “हुशार आहेस. मी गेलो की बोल्ट बदलणार आणि दोन्ही मिळून चौदाशेला विकणार. मला उल्लू बनवतेस?”

“बदलणार नाही. विकणारही नाही. दोन्ही आहेत तशाच राहतील.”

“कशासाठी? एका चुकीसाठी?”

“मर्ल, मी बंदूक कशी घेते ते तू अठरा वर्षं बघितलंस,” आर्डिथ म्हणाली. “दातांत बॅटरी धरून आकडे वाचल्याशिवाय मी पिंपातली काडीही घरी आणली आहे का?”

“नाही,” मर्ल म्हणाला.

“त्या दिवशीही वाचले होते. फडक्यावर तुझा कुठला आणि माझा कुठला, मला ठाऊक होतं. एकीचा बोल्ट दुसरीत नीट बसतो की नाही, तेही नळीत मापाचे तुकडे घालून आदल्या दिवशी बघून ठेवलं होतं, म्हणजे गोळी झाडताना तुझ्या तोंडावर फुटायला नको. चर्चमध्ये एकमेकांना अंगठ्या घातल्या, तेव्हा तू आईनं सांगितलं म्हणून घातलीस. हे मी माझ्या मनानं केलं होतं. माझं तुझ्याकडे आणि तुझं माझ्याकडे. तुला कधीतरी दिसेल असं वाटलं होतं मला. तू दर वर्षी ती साफ करायचास, आकडा तुझ्या डोळ्यांसमोर होता, आणि तुला दिसायला वेंडेल क्रूग लागला आणि साडेतीनशे डॉलर लागले.”

स्वयंपाकघरात कोबीचा वास भरला होता. मर्लनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मला वाटायचं, तू चुकलीस,” तो म्हणाला.

“चुकले होतेच,” आर्डिथ म्हणाली. “पण बोल्टच्या बाबतीत नाही. आणि ते प्रेम खोटं नव्हतं, म्हणून ते आज सातशे डॉलरसाठी मी उलटं फिरवणार नाही. वेंडेललाही सांग, तूही ऐक.”

तिनं पिशवी उघडून त्याची मॉझर बाहेर काढली, बोल्ट मागे ओढून आत पाहिलं, नळी रिकामी आहे याची खात्री करून घेतली, आणि कपाटातून स्वतःची काढून शेजारी टेबलावर ठेवली. दोन्ही एकाच रंगाच्या, दस्त्यावर सारखेच ओरखडे. मर्ल उठून जवळ आला. त्यानं एकीवर हात ठेवला, मग दुसरीवर. त्याचे डोळे आता चांगले राहिले नव्हते, आणि चष्मा तो गाडीत विसरला होता.

“यातली माझी कुठली?” त्यानं विचारलं.

“आता एकही नाही,” आर्डिथ म्हणाली, आणि नोटा उचलून त्याच्या हातात दिल्या.