छावणीतलं डोरलं

कड्याच्या साखर कारखान्याची चिमणी दिसली तशी मंदा खिडकीकडे सरकली आणि म्हणाली, "आलं माझं माहेर." तिचं गाव पाटोद्याच्याही आत, डोंगराच्या अंगाला आहे. पण बीड जिल्ह्याची हद्द लागली की तिचं माहेर सुरू होतं, हे मी लग्नापासून ऐकत आलोय. कारखाना बंद होता. हंगाम नव्हताच, पण रस्त्याकडेची शेतं बघून यंदा तो येईल असंही वाटत नव्हतं. पोळा होऊन गेला होता आणि ओढ्यांत अजून धूळ होती.

माझ्या मांडीवर एक लांबट पिशवी होती. नगरला कंडक्टरने "हे काय?" म्हणून विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत मंदा म्हणाली, "फवारणीचा पंप." मला अपमान वाटला. पिशवीत माझा मेटल डिटेक्टर होता.

पन्नाशीत माणसं योगासनं करतात, बागकाम करतात. मी परदेशातले व्हिडिओ बघितले. त्यांत कुणीतरी जाडा गृहस्थ माळावर यंत्र फिरवतो, ते पिंग करतं आणि तो मातीतून आवळ्याएवढं सोनं उचलतो. मीही यंत्र घेतलं. पुण्याच्या नदीकाठी मला पुष्कळ पिंग ऐकू आले आणि बाटल्यांची पुष्कळ बुचं मिळाली. मग एकदा मंदाचे थोरले भाऊ, अण्णा, फोनवर म्हणाले, की गावचा तलाव तळापर्यंत आटलाय, बुडालेल्या जुन्या बाजाराचे ओटे उघडे पडलेत. त्यांनी ते दुःखाने सांगितलं होतं. मी त्याच संध्याकाळी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत तलावात उतरलो. तळाला भाकरीच्या पोपड्यासारख्या भेगा पडल्या होत्या आणि त्यांत तबकडी (यंत्राचं जमिनीलगत फिरवायचं टोक) सारखी अडकत होती. इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. माझं यंत्र लोखंड दिसलं की घसा खाकरल्यासारखा आवाज काढतं. सोन्याचा पातळ दागिना दिसला तर गोड पिंग करतं. आणि गुटख्याच्या पुडीचा चकचकीत कागद दिसला तरी तेवढंच गोड पिंग करतं. पुडी आणि दागिना यांत त्याला फरक कळत नाही. आणि तलावाच्या तळाशी गुटखा खाणाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या येऊन बसून गेल्या होत्या.

दुपारपर्यंत मी एक फाळ, छत्रीच्या काड्या आणि खिसाभर पुड्या काढल्या. एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून केव्हापासून बघत होता.

"पाणी दावतं का हे?" त्याने विचारलं.

"नाही हो. धातू दाखवतं."

"मंग कावून हिंडवायलेत उनात?"

तोवर बांधावरून आणखी तिघे उतरले. त्यातला मिशीवाला म्हणाला, "गुप्तधन काढायलाय का बे? नारळ-लिंबू कुठं ठुलंय?" दुसऱ्याने माझी पिशवी उपडी केली. तीतून मंदाने दिलेल्या दशम्या पडल्या. प्रकरण हातघाईवर यायचं, पण अण्णा मोटारसायकलवरून आले. "आरं, आमचे दाजी हायत," ते म्हणाले. "माणूस निर्मळ हाय. पुण्याला ऱ्हात्यात, म्हणून असं." मिशीवाल्याने दशम्या झटकून परत दिल्या आणि एक ठेवून घेतली.

घरी वहिनींनी ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची तिखट आमटी) वाढली. हात धुवायला फुलपात्रभर पाणी मिळालं. तेच खाली घमेल्यात धरून झाडाला गेलं. जेवताना अण्णा म्हणाले, "दाजी, तुमचं मशीन जित्या जनावरावर चालतं का?"

अण्णा गावच्या दूध सोसायटीत आहेत. त्या सोसायटीने माळावर छावणी (दुष्काळात जनावरांना चारा-पाणी देण्याचा तळ) चालवली होती. घरी चारा नाही म्हणून माणसं जनावरांसकट तिथेच राहायला गेली होती. पोळाही तिथेच झाला. या भागात पोळ्याला घरची बाई बैलाच्या कपाळाला अंगावरचं सोनं टेकवते आणि मग पुरणपोळी खाऊ घालते. गावातल्या गेनबातात्यांच्या सुनेने, सुरेखाने, गळ्यातलं डोरलं (मंगळसूत्रातल्या सोन्याच्या दोन वाट्या) दोऱ्यातून काढून टेकवलं आणि ताटात पोळीवर ठेवलं. बैलाने ताटात तोंड घातलं. पोळी गेली, आणि डोरलंही गेलं.

"गेलं म्हणजे बैलानं गिळलं, असं ती म्हणती," अण्णा म्हणाले. "सासू म्हणती, गेलं म्हणजे माहेरी गेलं. हिच्या भावाचं लगीन निघालंय ना. नवरा तिकडं चाकणला कंपनीत. उद्या सकाळी बैल पाटोद्याला न्यायचा, डॉक्टर पोट चिरून बघणार हायत."

"आणि पोटात नसलं तर?" मंदाने विचारलं.

अण्णांनी भाकरी मोडली. "मंग पोरीला त्या घरात तोंड न्हाई."

छावणी म्हणजे मैलभर पसरलेलं एक गाव होतं, फक्त गावकरी चार पायांचे. सुतळीच्या जाळीची सावली, उसाच्या वाढ्यांचे (हिरव्या शेंड्यांचे) भारे, पाण्याच्या टाक्या, बाजेवर घोरणारी म्हातारी माणसं. गेनबातात्यांची खिलार जोडी कडेला बांधलेली होती. अजून शिंगांना पोळ्याचा लाल हिंगूळ होता. सुरेखा उठून उभी राहिली. गळ्यात नुसते काळे मणी. तिने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"दाजी, काय आसंल ते खरं सांगा," ती म्हणाली. "बैल चिरला अन् काय न्हाई निघालं, तर बैलबी माझ्याच माथ्यावर."

मी बैलाजवळ गेलो. यंत्र बोंबलायला लागलं. गळ्यात घुंगरं होती, ती काढली. साखळी होती, सोडली. तरी खुरांपाशी खाकरणं चालूच. "नाल हायत की," गेनबातात्या म्हणाले. शेवटी मी फक्त पोटाखाली तबकडी धरली. बैलाने शेपटी मारली आणि माझा चष्मा शेणात गेला. तो पुसून परत धरली. डाव्या बरगडीमागे स्पष्ट आवाज आला. पण तो लोखंडाचा खाकरा होता आणि त्यात मध्येच कुठेतरी पिंग आल्यासारखं वाटलं.

"हाय का न्हाई, चिरल्याबिगर कळायचं न्हाई." सासू, कौसाबाई, पुढे आल्या. "चिरा."

मंदा म्हणाली, "अहो, दुसऱ्याला लावून बघा." दुसऱ्या बैलाने पोळ्याला फक्त पोळी खाल्ली होती. त्याला यंत्र लावलं. तिथेही खाकरा, आणि तिथेही मध्येच पिंग.

भोवती जमलेली मंडळी खदखदा हसली. "आरं, जोडीनं वाटून खाल्लं!" कुणी तरी ओरडलं. गेनबातात्या हसले नाहीत. "भारे तारंनी बांधून येत्यात," ते म्हणाले. "समद्यांच्याच पोटात तार हाय हितं."

म्हणजे माझ्या यंत्राने सुरेखाच्या बाजूनेही सांगितलं नाही आणि विरुद्धही नाही. मी ते तसंच बोललो. कौसाबाई टाकीकडे निघून गेल्या. सुरेखा खाली बसली आणि बैलाच्या पुढच्या पायाला टेकली. बैल रवंथ करत राहिला.

मंदा तिच्याशेजारी बसली. "पोळी तोंडात घेतल्यावर त्याने मान झटकली का?"

"झटकली. दोन पाहुण्यांच्या अंगावर पुरण उडालं."

"मग गिळलंच कशावरून?"

"मी खाली बगितलं ना ताई. वाढे अन् शेण. कायबी न्हवतं."

"ते वाढे अन् शेण गेलं कुठे?"

सुरेखा उठलीच. छावणीचा नियम असा, की शेण सोसायटीचं. रोज सकाळी उचलून टोकाच्या ढिगावर टाकायचं. तो ढीग शेतांत टाकायला उद्या ट्रॅक्टर येणार होते. "आपलं शेण लिंबाच्या अंगाला पडतं," गेनबातात्या म्हणाले.

सोन्याच्या शोधात मी इतक्या उत्साहाने कधी निघालो नव्हतो आणि इतक्या लवकर पस्तावलोही नव्हतो. तबकडीला प्लास्टिकची पिशवी बांधली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. वरचा थर वाळलेला, पण पाय दिला की आतला गरम. माशा कानातल्या हेडफोनच्या आत शिरत. खाकरा आला की तार, खाकरा आला की नालाचा खिळा. पिंग आला की पुडी. परत पिंग, परत पुडी. सुरेखा घमेल्याने शेण बाजूला ओढून बोटांनी फोडत होती. मंदा पदर नाकाला लावून मला दिशा दाखवत होती.

उन्हं कलली तसा मी पिंग सोडून द्यायला लागलो. पाठ मोडली होती. एका पिंगवरून मी तबकडी उचलून पुढे गेलो, तर सुरेखा जागची हलली नाही. "हितं वाजलं," ती म्हणाली.

"पुडी असणार."

"पुडी तर पुडी. दावा कुठं ते."

मी परत फिरलो. तिने हात घातला, एक वाळका पोपडा काढला, मोडला. आत उसाच्या पात्याला चिकटलेली एक वाटी होती. शेणाने गच्च भरलेली, कडेला मात्र पिवळी. मी ओरडलो असेन, कारण बाजेवरची म्हातारी उठून बसली. सुरेखा ओरडली नाही. तिने मूठ मिटली आणि सासूकडे चालत गेली.

कौसाबाईंनी ती तळहातावर घेतली. आता त्या "ही आमची न्हाई" म्हणाल्या असत्या, तर माझ्या यंत्राचा काय उपयोग होता? त्यांनी पिण्याच्या कळशीतून पाणी घेतलं, छावणीत कुणी तसं घेत नाही, आणि वाटी धुतली. पदराने पुसली. मग कडेवरून अंगठा फिरवला आणि तो एका जागी थांबला.

"चेप," त्या म्हणाल्या. "बाळ्याला दात येत हुते तवा चावायचा. माझ्या गळ्यात हुती तवा."

बाळ्या म्हणजे त्यांचा मुलगा, चाकणचा. कौसाबाईंनी सुरेखाला खाली बसवलं, तिच्या गळ्यातले काळे मणी सोडले, आणि दोरा तोंडात ओला करून वाटी ओवली. गाठ दोनदा आवळली.

दुसरी वाटी आम्ही अंधार पडेपर्यंत शोधली. सापडली नाही.

सकाळी बैल न्यायला टेम्पो आला. गेनबातात्या दाव्याला धरून उभे होते. टेम्पोवाल्याने फळी लावली. कौसाबाई पुढे झाल्या.

"फळी काढ. माघारी ने."

"आवो मावशी, दुसरी वाटी?"

"मान म्हणून कपाळाला सोनं लावायचं, अन् पोट चिरून माघारी मागायचं व्हय? पोरीनं खरं सांगितलं, झालं की."

टेम्पोवाला रिकाम्या फेरीबद्दल बडबडत गेला. गेनबातात्यांनी दावं परत खुंट्याला बांधलं आणि बैलासमोर वाढ्यांची पेंडी टाकली. पेंडी टाकण्याआधी तिची तार काढून खिशात घातली.

परतीच्या एसटीत मंदाही पुढच्या बाकावर बसली आणि माझ्या शेजारची सीट बराच वेळ रिकामी राहिली. वासाचा मला अंदाज आहे. मी ज्याला धनी नाही असं सोनं शोधायला तलावात उतरलो होतो. सापडलं ते असं, की त्यावरचा दातही कुणाचा ते माहीत होतं. इतक्या दिवसांत मला मिळालेलं सोनं तेवढंच, आणि ते मिळालंही मला नाही. ज्या पिंगवरून मी पुढे निघून गेलो होतो, त्याच्यापाशी सुरेखा थांबली.

दिवाळीला सुरेखाने मंदाच्या फोनवर फोटो पाठवला. नवरा सुट्टीवर आलेला, सगळे दारात उभे. गळ्यात एकच वाटी, एका बाजूला कललेली. मंदाने फोन करून विचारलं, सोनाराकडून दुसरी करून घेतली नाही का? सुरेखा हसली. सोनार म्हणाला होता करून देतो. कौसाबाईंनीच त्याला सांगितलं, नको, जोडीची बैलाकडं हाय.